मित्रजंतूंच्या गाठोड्यात काय आहे? कुत्र्या-मांजरांच्या प्रोबायोटिकची शंभर वर्षांची कहाणी

शहरातल्या कोणत्याही पेट शॉपमध्ये गेलात तर एका फळीवर पुड्या, डब्या आणि चघळायच्या गोळ्या मांडलेल्या दिसतात. वर हसऱ्या कुत्र्याचे चित्र आणि खाली ‘प्रोबायोटिक’ हा शब्द. पिल्लाला जुलाब झाले, मांजराने खाणे सोडले, अँटिबायोटिकचा कोर्स सुरू झाला, की यातली एखादी पुडी घरी येते. ‘चांगले जंतू आहेत, अपाय कसला होणार?’ असे आपण धरून चालतो.

मी माणसांचा डॉक्टर आहे, प्राण्यांचा नाही. तरीही हा विषय मी येथे घेतो आहे, कारण जंतूंना माणूस आणि प्राणी असा भेद फारसा ठाऊक नसतो. ज्या घरात कुत्रा सोफ्यावर बसतो आणि मांजर पायथ्याशी झोपते, तिथे जंतूंची देवाणघेवाण रोज चालू असते. म्हणून पाळीव प्राण्याच्या पुडीतल्या जंतूंविषयी एक प्रश्न विचारायला हवा. हे जंतू चांगले असतील, पण त्यांच्या गाठोड्यात काय आहे? त्यात अँटिबायोटिकला दाद न देण्याचे गुण असले तर ते दुसऱ्या जंतूंच्या हाती लागतील का?

हा प्रश्न शास्त्रज्ञांना उशिरा सुचला. तो का उशिरा सुचला, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

१९०८ : एकच नोबेल, दोन वाटा

१९०८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. एक एली मेचनिकॉव्ह, दुसरे पॉल एर्लिख. पारितोषिक रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी होते. पण या दोघांची नावे आज आपल्याला आणखी दोन गोष्टींसाठी आठवतात.

मेचनिकॉव्ह पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. मुंबईच्या परळमधल्या हाफकिन संस्थेमुळे ज्यांचे नाव आपल्याला परिचित आहे, ते वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे याच मेचनिकॉव्ह यांचे विद्यार्थी. म्हातारपण लवकर येण्याचे एक कारण मोठ्या आतड्यातले सडवणारे जंतू हे असावे, असे मेचनिकॉव्ह यांना वाटे. बल्गेरियातले शेतकरी दही खाऊन दीर्घायुषी होतात अशी त्या काळी समजूत होती. तिथल्या दह्यातला एक जंतू स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टराने १९०५ मध्ये वेगळा करून दाखवला होता. आंबवणारे जंतू पोटात सोडले की सडवणाऱ्यांचा जोर ओसरेल, अशी मेचनिकॉव्ह यांची मांडणी. त्यांचा सिद्धान्त पुढे जसाच्या तसा टिकला नाही, पण ‘जंतू देऊन आरोग्य मिळवायचे’ ही कल्पना तिथून रुजली.

एर्लिख यांची वाट नेमकी उलटी होती. जंतूला मारेल पण माणसाला इजा करणार नाही असे रसायन त्यांना हवे होते. १९१० मध्ये उपदंशावरचे त्यांचे साल्व्हार्सन हे औषध बाजारात आले. गंमत अशी की, त्याआधीच, १९०७ मध्ये, त्यांच्या प्रयोगशाळेत ट्रिपॅनोसोम नावाचे परजीवी औषधाला दाद देईनासे झालेले दिसले होते. म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधांचा इतिहास जितका जुना, जवळजवळ तितकाच औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचा इतिहास जुना आहे.

एक वाट जंतू देण्याची, दुसरी जंतू मारण्याची. या दोन वाटा पुढे पाऊणशे वर्षे जवळजवळ वेगवेगळ्या चालल्या आणि जनावरांच्या खाद्यात येऊन एकमेकींना भेटल्या.

कोंबडीच्या खाद्यात अँटिबायोटिक

१९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला. १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना त्यांनी बजावले होते की अपुरी मात्रा दिली तर जंतू पेनिसिलीनला सरावतील. पण तेव्हा सगळीकडे उत्साहाचे वारे होते. आपल्याकडेही पिंपरीला सरकारी कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलीन तयार होऊ लागले.

त्याच सुमारास अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबड्यांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसीन, म्हणजे टेट्रासायक्लीन गटातले अँटिबायोटिक, तयार केल्यावर उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना घालून पाहिला. पिल्ले अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. ती वाढ नुसत्या जीवनसत्त्वाची नव्हती, चोथ्यात राहिलेल्या अँटिबायोटिकचीही होती. १९५१ मध्ये अमेरिकेने पशुखाद्यात अँटिबायोटिक मिसळायला परवानगी दिली. आजार नसताना, केवळ वजन वाढावे म्हणून, रोज थोडे थोडे अँटिबायोटिक देण्याची प्रथा जगभर पसरली.

फ्लेमिंग ज्याला भीत होते ती अपुरी मात्रा आता लाखो प्राण्यांच्या आतड्यात रोज पडू लागली.

जंतूंची उसनवारी

तोवर समजूत अशी होती की औषधाला न जुमानणारा जंतू निपजतो आणि त्याचा गुण फक्त त्याच्या वंशात उतरतो. बाप तसा बेटा, एवढेच. जपानने ही समजूत मोडली.

१९५०च्या दशकात जपानमध्ये शिगेला या जंतूमुळे होणाऱ्या रक्ती आवेच्या साथी येत होत्या. काही रुग्णांचे जंतू एकाच वेळी चार-चार औषधांना दाद देत नव्हते. १९५९ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हा गुण आतड्यातल्या साध्या ई. कोलायकडून शिगेलाला जाऊ शकतो. दोन जंतू वेगळ्या जातीचे, पण एकाने दुसऱ्याला गुण उसना दिला. हा गुण प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहानशा कड्यावर असतो. एक जंतू दुसऱ्याला चिकटतो आणि त्या कड्याची प्रत त्याच्या हवाली करतो.

याचा अर्थ काय, ते नीट लक्षात घेऊ. स्वतः कोणालाही आजारी न पाडणारा जंतूही धोक्याचा गुण बाळगू शकतो आणि तो आजार करणाऱ्या जंतूला देऊ शकतो.

१९६९ मध्ये ब्रिटनच्या स्वॉन समितीने सांगितले की माणसांच्या उपचारात वापरली जाणारी अँटिबायोटिके वजनवाढीसाठी प्राण्यांना देऊ नका. १९७६ मध्ये अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबड्यांच्या एका गटाला टेट्रासायक्लीन मिसळलेले खाद्य दिले. आठवड्याभरात त्या कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे ई. कोलाय टेट्रासायक्लीनला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत तोच प्रकार शेतावर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेतही दिसू लागला. शेजारच्या घरांत मात्र तो क्वचितच दिसला. औषध कोंबडीने खाल्ले आणि परिणाम माणसाच्या पोटात पोहोचला.

एका चुलतभावाने केलेला घोटाळा

स्वॉन समितीच्या सल्ल्यात एक फट राहिली होती. माणसांना न दिली जाणारी अँटिबायोटिके प्राण्यांच्या खाद्यात चालूच राहिली. त्यातले एक ॲव्होपार्सिन. माणसांत ते वापरत नसत, पण ते व्हँकोमायसिनचे चुलतभावंड आहे. व्हँकोमायसिन हे आम्ही डॉक्टर लोक अडीअडचणीला राखून ठेवलेले औषध. इतर औषधे हरली की ते काढायचे.

१९८८ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समधून व्हँकोमायसिनला दाद न देणाऱ्या एंटेरोकॉकस जंतूचे अहवाल आले. पुढे युरोपात तसेच एंटेरोकॉकस कोंबड्या आणि डुकरांतही सापडले. डेन्मार्कमधला एक आकडा डोळे उघडणारा आहे. १९९४ मध्ये त्या देशात माणसांच्या उपचारासाठी २४ किलो व्हँकोमायसिन वापरले गेले, तर जनावरांच्या खाद्यात २४,००० किलो ॲव्होपार्सिन. डेन्मार्कने १९९५ मध्ये ॲव्होपार्सिन बंद केले, युरोपीय संघाने १९९७ मध्ये. १ जानेवारी २००६ पासून वजनवाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणेच युरोपात बंद झाले.

एंटेरोकॉकस हे नाव लक्षात ठेवा. ते याच लेखात पुन्हा भेटणार आहे, आणि या वेळी मित्र म्हणून.

पोकळी भरायला प्रोबायोटिक आले

खाद्यातून अँटिबायोटिक काढायचे तर त्या जागी काय घालायचे? उत्तर मेचनिकॉव्ह यांच्या वाटेवर तयार होते.

‘प्रोबायोटिक’ हा शब्द १९६५ मध्ये लिली आणि स्टिलवेल यांनी अँटिबायोटिकच्या उलट अर्थाने वापरला. एका सूक्ष्मजीवाने स्रवलेला आणि दुसऱ्याची वाढ करणारा पदार्थ, असा त्यांचा अर्थ होता. १९७४ मध्ये पार्कर यांनी तो शब्द पशुखाद्यातल्या पूरक जंतूंसाठी वापरला. १९८९ मध्ये फुलर यांनी केलेली व्याख्याही प्राण्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच होती: आतड्यातल्या जंतूंचा तोल सुधारून यजमान प्राण्याला फायदा करणारे जिवंत जंतूंचे पूरक खाद्य. म्हणजे आज औषधाच्या दुकानात आपण ज्या अर्थाने हा शब्द वापरतो, तो गोठ्यातून आणि कोंबड्यांच्या खुराड्यातून आपल्याकडे आला आहे. २००१ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी आजची व्याख्या ठरवली: पुरेशा प्रमाणात दिल्यास यजमानाच्या आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव.

गाई-डुकरांमागून हे जंतू कुत्र्या-मांजरांच्या वाडग्यातही आले. त्यासाठी सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या जंतूंपैकी एक म्हणजे एंटेरोकॉकस फीशियम. सहज वाढतो, पोटातल्या आम्लात तग धरतो, पुडीत टिकतो. कारखानदाराला आणखी काय हवे?

इथे दोन वाटा एकत्र आल्या. अँटिबायोटिकला पर्याय म्हणून आणलेला जंतू, ज्या कुळाने अँटिबायोटिकला सर्वांत जास्त चकवले त्याच कुळातला निघाला.

स्थावर आणि जंगम

आता थोडे शास्त्र. घाबरू नका, आपल्या सात-बाराच्या भाषेत सांगतो.

मालमत्ता दोन प्रकारची असते, स्थावर आणि जंगम. जमीन उचलून दुसऱ्याला देता येत नाही. दागिना देता येतो. जंतूंचा अँटिबायोटिकला दाद न देण्याचा गुणही असाच असतो.

काही जंतूंची घडणच अशी असते की विशिष्ट औषध त्यांना लागू पडत नाही. अनेक लॅक्टोबॅसिलस जंतूंवर व्हँकोमायसिन चालत नाही, कारण त्यांच्या भिंतीची वीट वेगळी असते. हा गुण त्यांच्या मूळ गुणसूत्रात असतो आणि सहसा दुसऱ्याकडे जात नाही. ही स्थावर मालमत्ता. हिची फार चिंता करण्याचे कारण नाही.

प्लाझ्मिडवर किंवा उड्या मारणाऱ्या जनुकांवर असलेला गुण मात्र जंगम. तो आतड्याच्या गर्दीत हस्तांतरित होऊ शकतो.

याची तीन उदाहरणे पाहा.

पहिले उदाहरण माणसांच्या औषधातले. जुलाबात लहान प्लास्टिकच्या कुपीतून जे पांढरट पाणी प्यायला दिले जाते, त्यात बहुधा बॅसिलस क्लॉसी या जंतूचे बीजाणू असतात. हे औषध १९५०च्या दशकाच्या अखेरीस इटलीत बाजारात आले. त्यातले चार वाण म्हणजे स्ट्रेन मुद्दाम वेगवेगळ्या अँटिबायोटिकांना दाद न देणारे निवडले आहेत, जेणेकरून अँटिबायोटिक चालू असतानाही ते टिकावेत. इथे रेझिस्टन्स हा दोष नसून गुण म्हणून मांडला आहे. हा गुण गुणसूत्रात आहे आणि हस्तांतरित होत नाही, असे त्या वाणांवरच्या अभ्यासांतून मांडले गेले. म्हणजे दावा स्थावर मालमत्तेचा आहे.

दुसरे उदाहरण लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीच्या एका वाणाचे. हा वाण पेरूमधल्या एका मातेच्या दुधातून मिळाला होता आणि प्रोबायोटिक म्हणून विकला जात होता. तपासणीत त्याच्याजवळ दोन प्लाझ्मिड सापडले. एकावर टेट्रासायक्लीनला, दुसऱ्यावर लिंकोमायसिनला दाद न देण्याचे जनुक होते. संशोधकांनी ते दोन्ही प्लाझ्मिड काढून टाकले आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केले की गाठोडे काढून घेतलेला हा नवा वाण आपले काम पूर्वीसारखेच करतो. पुढे जुन्याच्या जागी नवा वाण बाजारात आला. प्रश्न वेळेवर विचारला तर उत्तर सापडते, याचा हा उत्तम दाखला.

तिसरे उदाहरण बॅसिलस सीरियसच्या टोयोई नावाच्या वाणाचे. डुकरे, कोंबड्या, ससे, गुरे यांच्या खाद्यात तो अनेक वर्षे घातला जात होता. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या तज्ज्ञांना त्याच्यात क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लीन यांना दाद न देण्याची जनुके आढळली, शिवाय विषारी द्रव्य तयार करण्याची क्षमताही. २०१३ मध्ये युरोपीय संघाने त्याची परवानगी स्थगित केली आणि २०१५ मध्ये ती नाकारली. जंतू तोच होता. बदलले होते ते आपण विचारलेले प्रश्न.

मित्र एंटेरोकॉकसची परीक्षा

आता कुत्र्या-मांजरांच्या पुडीकडे वळू. तिथला सर्वांत जास्त अभ्यासलेला वाण म्हणजे एंटेरोकॉकस फीशियम एसएफ-६८. तो माणसांत, गुरांत आणि पाळीव प्राण्यांतही वापरला गेला आहे.

२००१ मध्ये लुंड आणि एडलुंड या स्वीडिश संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला. हा वाण स्वतः व्हँकोमायसिनला दाद न देणारा नाही. पण दुसऱ्या एंटेरोकॉकसकडून तो गुण उसना घेऊ शकेल का? प्रयोगशाळेत दोघांना एकत्र ठेवल्यावर उत्तर आले: घेऊ शकतो. प्रयोगशाळेतल्या बशीत घडले ते प्रत्येक कुत्र्याच्या आतड्यात घडतेच असे नाही. तरी त्यातून शिकण्यासारखे होते. पुडीतल्या जंतूच्या गाठोड्यात आज काय आहे एवढेच पाहून भागत नाही. गाठोडे रिकामे असले तरी तो वाटेत काही उचलेल का, हेही पाहावे लागते.

म्हणून २०१२ मध्ये युरोपच्या संस्थेने पशुखाद्यातल्या एंटेरोकॉकस फीशियमसाठी वेगळी चाळणी लावली. हा वाण ॲम्पिसिलिनला दाद देतो का, आणि रुग्णालयांत उपद्रव करणाऱ्या वाणांच्या ठरावीक जनुकीय खुणा त्याच्यात नाहीत ना, हे तपासायचे. २०१८च्या मार्गदर्शिकेनुसार खाद्यात वापरायच्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचून दाखवावा लागतो. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये माणसांच्या अन्नातल्या प्रोबायोटिकसाठी मार्गदर्शिका काढली. त्यातही वाणाची अचूक ओळख आणि अँटिबायोटिक रेझिस्टन्सची तपासणी सांगितली आहे.

डबीवर एक, डबीत दुसरेच

पण चाळणीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा डबीत नेमका तोच जंतू असतो. कॅनडातले पशुवैद्य स्कॉट वीज यांनी याचा पाठपुरावा केला. २००३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रोबायोटिक असल्याचा दावा करणारी कुत्र्या-मांजरांची १९ खाद्ये तपासली. लेबलवर लिहिलेले सगळे जंतू एकाही खाद्यात नव्हते. ५ खाद्यांत तर संबंधित जंतूंची वाढच झाली नाही. ११ खाद्यांत लेबलवर न लिहिलेले, त्याच जातकुळीतले जंतू निघाले. २०११ मध्ये प्राण्यांसाठीची २५ उत्पादने तपासली गेली. लेबलची माहिती अचूक आणि जंतूंची संख्याही दाव्याइतकी, अशी फक्त २ निघाली.

जंतू कमी निघाले तर पैसे वाया गेले, एवढेच. पण न लिहिलेला जंतू निघाला तर त्याचे गाठोडे कोणी तपासलेले असणार?

मग हे सगळे फेकून द्यायचे का?

नाही. कहाणीची ही दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे.

अमेरिकेतल्या एका प्राणी-निवाऱ्यात काही मांजरांना एसएफ-६८ आणि काहींना नुसती दिखाऊ पुडी दिली गेली. दोन किंवा अधिक दिवस जुलाब होण्याचे प्रमाण प्रोबायोटिक गटात ७.४ टक्के होते, तर दुसऱ्या गटात २०.७ टक्के.

दुसरा अभ्यास मला अधिक बोलका वाटतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अचानक जुलाब लागलेल्या ६० कुत्र्यांचे तीन गट केले. एका गटाला प्रोबायोटिक, दुसऱ्याला मेट्रोनिडाझोल, तिसऱ्याला दिखाऊ औषध. जुलाब थांबायला सरासरी अनुक्रमे ३.५, ४.६ आणि ४.८ दिवस लागले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर तिघांत ठोस फरक ठरला नाही. याचा सरळ अर्थ असा की बहुतेक साधे जुलाब आपोआप थांबतात आणि त्यासाठी अँटिबायोटिकची गरज नव्हती. एखाद्या चांगल्या प्रोबायोटिकमुळे मालकाला धीर आला आणि अँटिबायोटिकचा एक अनावश्यक कोर्स वाचला, तर रेझिस्टन्सच्या हिशेबात तो मोठा फायदाच आहे.

अनावश्यक कोर्सची किंमत काय असते, तेही पाहा. २०१६ ते २०१८ या काळात अमेरिकेत दुकानांतून विकल्या जाणाऱ्या पिल्लांपासून अनेक औषधांना दाद न देणारा कॅम्पायलोबॅक्टर पसरला. अनेक राज्यांत मिळून शंभराहून अधिक माणसे आजारी पडली, त्यांत दुकानांतले कर्मचारीही होते. चौकशीत ज्या १४९ पिल्लांची माहिती मिळाली, त्यांतल्या १४२ पिल्लांना अँटिबायोटिकचा किमान एक कोर्स दिला गेला होता. पिल्लाच्या पोटातून माणसाच्या पोटात जंतू जातो, यासाठी आणखी पुरावा नको.

भारतानेही २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. तेही आमचे अखेरच्या फळीतले औषध. माणसाचे औषध वाचवायचे तर प्राण्यांपासून सुरुवात करावी लागते, हे आता धोरण आखणाऱ्यांनाही पटले आहे.

घरात काय करावे?

इतिहास सांगून झाला. आता आपल्या उपयोगाचे.

* प्रोबायोटिक पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्या. ‘काहीतरी द्यायचे म्हणून’ रोज देत राहू नका. किती दिवस द्यायचे, हेही विचारा.

* लेबल वाचा. जंतूचे नुसते कूळ लिहिलेले असेल तर ते अपुरे आहे. जात आणि वाणाची खूण, म्हणजे शेवटची अक्षरे-आकडे, लिहिलेली हवीत. वाणाचे नावच नसेल तर त्याचे गाठोडे तपासले गेले की नाही, हे विचारायचे तरी कोणाच्या नावाने?

* मुदत संपेपर्यंत किती जिवंत जंतू राहतील आणि साठवण कशी करायची, हे लिहिलेले पाहा. ‘तयार करताना इतके कोटी’ या वाक्याला फारसा अर्थ नाही.

* सुट्या पुड्या, लेबल फाटलेल्या डब्या घेऊ नका. प्राण्यांचे उत्पादन माणसांनी आणि माणसांचे प्राण्यांनी परस्पर घेऊ नये.

* पुडी मिसळल्यावर, वाडगा धुतल्यावर आणि प्राण्याची शी उचलल्यावर साबणाने हात धुवा. लहान मुलांनाही ही सवय लावा.

* घरात कोणाची केमोथेरपी चालू असेल, अवयवरोपण झाले असेल किंवा मोठ्या शिरेत नळी बसवलेली असेल, तर अशा व्यक्तीजवळ पुडी फोडू नका. घरात पाळीव प्राणी आहे आणि त्याला प्रोबायोटिक चालू आहे, हे त्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

* कुत्र्या-मांजराला घरात उरलेले अँटिबायोटिक कधीही देऊ नका. पुडीतल्या जंतूपेक्षा ही सवय कितीतरी अधिक घातक आहे. आतड्यात अँटिबायोटिक असले की दाद न देणाऱ्या जंतूंचेच फावते, मग ते पुडीतून आलेले असोत की मूळचे तिथलेच.

आणि हो, हे वाचून घरचे दही बंद करू नका. धडधाकट माणसाने ते पूर्वीसारखेच खावे.

मेचनिकॉव्ह आणि एर्लिख यांना एकाच वर्षी एकच पारितोषिक मिळाले होते, पण त्यांच्या वाटा एकमेकींवर परिणाम करतील असे तेव्हा कोणाला वाटले नसेल. आज आपल्याला ते ठाऊक आहे. जंतू मारणारे औषध जपून वापरायचे असते, तसाच मदतीला आणलेला जंतूही ओळखपाळख करून घरात घ्यायचा असतो. आपण भाडेकरू ठेवतानाही त्याचे नाव-गाव विचारतो. पिल्लाच्या पोटात कोट्यवधी पाहुणे सोडताना निदान तेवढे तरी विचारायला काय हरकत आहे?